तिसरा उपदेश

नऊ वाजता हार्लोला,
साडेदहाला बेकर्स क्रॉसिंगला,
आणि बाराच्या सुमाराला, बर्फाने रस्ता सोडला तर,
आमच्या ड्राय फोर्कला.
तीन मंडळ्या, एक पाळक, एक निळा पिकअप,
ज्याचा हीटर फक्त उजव्या पायाला ऊब द्यायचा.

आमच्या वाट्याला यायचा तिसरा उपदेश.
तोवर रेव्हरंड वेंडेल ऑस्टरहाउट यांचा आवाज बसलेला,
विनोद वाटेतल्या दोन गावांत खर्ची पडलेले,
आणि पोटात कावळे ओरडत असायचे,
त्यांच्या आणि आमच्याही.
बाराव्या मिनिटाला आमेन.
हार्लोची माणसं धान्याच्या कोठाराशी भेटली की हसायची:
आम्हाला दूध, तुम्हाला खरवड.
मी म्हणायचो, खरवडीची चव
तुम्हाला काय कळणार.

गळा मात्र नव्हता त्यांना.
मेथडिस्ट पाळकाला गाता न येणं
म्हणजे कोळ्याला पोहता न येणं.
स्तोत्राची पहिली ओळ ते इतक्या खालून उचलायचे
की ऑर्गनवरच्या आर्डिथ कोल्बे
पायाखालच्या पट्ट्या दाबून त्यांना वर खेचायच्या,
विहिरीतून बादली खेचावी तसं.

दर वसंतात बिशपच्या पत्राची धास्ती.
दुसरीकडचे पाळक चार वर्षांत बिऱ्हाड हलवायचे.
आर्डिथबाई जांभळ्या शाईनं अर्ज लिहायच्या,
आम्ही खाली सह्या करायचो,
माझा भाऊ तर दोनदा.
एकोणीस वर्षं ते पत्र टळलं.

ज्या हिवाळ्यात ट्रॅक्टरखाली माझा पाय मोडला
तेव्हा अकरा दिवस माझ्या गायी त्यांनी पिळल्या.
दूध निम्म्यावर आलं.
परत आल्यावर विचारलं, काय करत होतात गोठ्यात?
म्हणाले, रविवारची तयारी.
कुणी हरकत घेतली नाही.
फक्त त्या तांबड्या गायीनं एका ठिकाणी लाथ मारली,
तेवढा भाग मी गाळला.

आणि रॉय गेला त्या रात्री
ते आमच्या स्वयंपाकघरात आले.
बायबल पिकअपमध्येच राहिलं होतं
की ठेवून आले होते, मी कधी विचारलं नाही.
एक वचन बोलले नाहीत.
बाह्या वर करून सिंकमधली भांडी घासली,
पुसली,
आणि चुकीच्या फळीवर लावली.
निळा वाडगा अजून तिथंच आहे.
घ्यायला मला स्टुलावर चढावं लागतं.
चढतो.

मार्चमध्ये तिन्ही गावं पहिल्यांदाच एका छताखाली आली,
आमच्या, कारण कबर आमच्याकडे हवी
असं त्यांनी लिहून ठेवलं होतं.
हार्लोवाल्यांना ते लागलं.
एकोणीस वर्षं पूर्ण उपदेश ऐकलेली माणसं ती.
जमीन दगडासारखी; दोन दिवस शेकोटी पेटवून
भुसभुशीत केली तेव्हा फावडं शिरलं.

नंतर तळघरात हॅमचे सँडविच, बटाट्याची भाजलेली थाळी,
आणि हिशोब सुरू झाला:
पेरणाऱ्याच्या दाखल्यात आईची गोष्ट होती ना?
आम्हाला नाही सांगितली.
आगगाडी चुकल्याची?
ती बेकर्सवाल्यांकडे होती.
आमच्या गाठोड्यात काहीच निघेना.
मग मी विचारलं, आणि शेवट?
आमेननंतर काय करायचे तुमच्याकडे?

काय करणार, म्हणाले,
घड्याळ बघायचे. कोट. दार.
इंजिन सुरूच ठेवलेलं असायचं.

मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातली नव्हती.
आमच्याकडे आमेननंतर
ते व्यासपीठावरून उतरायचे,
दुसऱ्या बाकावर, रॉयच्या जागेशेजारी, धपकन बसायचे,
बूट सैल करायचे
आणि म्हणायचे, झालं. आता कुठं जायचं नाही.
मग बराच वेळ कुणीच उठायचं नाही.

हे मी हार्लोवाल्यांना सांगितलं नाही.
तेवढा भाग गाळला.
वर आर्डिथबाई ऑर्गनचं झाकण लावत होत्या;
पहिली ओळ आज आम्ही फार उंच धरली होती,
खेचायला कुणी नव्हतं.